हातावरून हातावर

दवाखान्यात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत: रिकाम्या बाटल्या आणि घडलेले प्रसंग. बाटल्यांना निदान मागणी असते. औषधासाठी बाटली घरून आणावी असा नियम असला, तरी निम्मे लोक हात हलवत येतात. प्रसंगांना मात्र गिऱ्हाईक नाही. ते फडताळात साचत जातात, लेबल गळून पडते, आणि मग बूच काढून हुंगल्याशिवाय आत काय होते ते सांगता येत नाही. मित्रहो, आज मी त्यांतली काही बुचे काढतो. जे स्वतः पाहिले तेवढेच सांगेन. एम.ए.ला तर्कशास्त्र घेतल्याचा एवढा एकच परिणाम माझ्यावर टिकून आहे.

धारूर आणि केज यांच्या मधल्या एका कसब्यात निजाम सरकारचा दवाखाना होता. मुंबईहून पदवी घेऊन परतलो, मास्तरकीची जागा मिळेना, म्हणून तिथे मुन्शी झालो. रुग्ण बोलणार मराठीत, कागद जाणार उर्दूत. मधला पूल मी. आमचे डॉक्टर करीमसाहेब हैदराबादचे, मनाने मऊ आणि वरिष्ठांना फार भिणारे. तरीही त्यांनी मागच्या लांबट खोलीत सहा खाटा टाकून म्हाताऱ्यांचा वॉर्ड काढला होता: ज्यांचे या गावात घर नाही, भाषा नाही, जातभाई नाहीत, अशांसाठी. जिल्ह्याने मंजुरी दिली ती सहा महिन्यांची. मग तपासणी. पसंत पडले तर वॉर्ड राहणार; नाहीतर खाटा परत आणि नर्सही परत.

नर्स म्हणजे मार्थाबाई. जालन्याकडच्या मराठी ख्रिस्ती, चाळिशीच्या, विधवा, जिभेने तिखट. मला त्या "एमेसाहेब" म्हणत. त्यात आदर किती आणि चिमटा किती, याचे प्रमाण मला शेवटपर्यंत काढता आले नाही.

मी त्या वॉर्डासाठी काय केले? एक वही केली! डाव्या बाजूला एकाखाली एक समाज, वरच्या बाजूला रकाने: अन्न, पाणी, वस्त्र, दागिने, स्पर्श. तांड्यांचे नायक, मशिदीतले मुल्ला, देवळातले पुजारी यांना विचारून ती भरली. म्हातारा कोणत्या समाजाचा ते पाहावे, बोट आडवे न्यावे, उत्तर तयार!

मार्थाबाईंनी वही उलटसुलट पाहिली. "लई झाक," त्या म्हणाल्या. "आता म्हाताऱ्यांनी ही वाचली म्हंजे झालं."

* * *

पहिला मासला सालेह चाऊस. निजामाच्या फौजेतल्या अरबांना आमच्याकडे चाऊस म्हणतात. याने उभे आयुष्य धारूरच्या किल्ल्यावर पहाऱ्यात काढलेले. सत्तरी ओलांडलेली, पोटाचा आजार, तोंडात दात एकही नाही. कमरेला मात्र जंबिया, म्हणजे वाकडा अरबी खंजीर. वॉर्डात हत्यार चालत नाही, पण हे त्याला सांगायला कोणी पुढे होईना.

तीन दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. मी वही उघडली. "अरब: खजूर, मांसाचा रस्सा, बिनदुधाचा कहवा." मुद्दाम माणूस पाठवून केजच्या बाजारातून खजूर आणवला, ताटलीत मांडला आणि स्वतः घेऊन गेलो. म्हाताऱ्याने एक उचलला, हिरड्यांत धरला, परत बाहेर काढून निरखला. मग जंबिया अर्धा म्यानाबाहेर आला!

"खजूर कौन लाया बे?"

मी ताटली छातीशी धरून दोन पावले मागे सरलो. आमचा कंपाउंडर विठोबा तोवर दाराबाहेर पोचला होता. मार्थाबाई मात्र ड्रेसिंगची पट्टी गुंडाळत गुंडाळतच आल्या आणि खाटेच्या काठावर बसल्या.

"मीच आणला समजा, चाचा. तुमास्नी काय पायजे ते सांगा की."

चाऊसने जंबिया परत म्यानात ढकलला. "अरबस्तान मेरे बाप ने देखा. मैं तो धारूर का हूँ! जवारी की कण्या ला. ताक डालके. ऊपर से लसून की फोडणी."

कण्या आल्या. वाटी बोटाने निपटून झाली, तेव्हा मार्थाबाई सहज म्हणाल्या, "चाचा, पट्टी कापायला माजी कात्री बोथट झालीय हो." जंबिया मुकाट्याने त्यांच्या हातात आला. त्या दिवसापासून तो ड्रेसिंगच्या टेबलावर राहू लागला, आणि करीमसाहेबांनी माझ्याकडून यादीत त्याची नोंद "सर्जिकल सामान" अशी करून घेतली!

* * *

यल्लव्वा वडार समाजाची. दगड फोडून फोडून तळहात लाकडाचे झालेले, मराठीत तेलगूचे खडे. वडार बायका चोळी घालत नाहीत असे माझ्या वहीत होते, आणि ते खरेही होते. वॉर्डात सर्वांना पांढरा सदरा सक्तीचा होता. मी मोठ्या अभिमानाने तिला त्यातून सूट दिली.

थंडीतापाने म्हातारी दोन दिवस कुडकुडत होती. पदर कितीही ओढला तरी खांदे उघडेच. मी चारदा जवळून गेलो आणि चारदा समाधानाने पुढे गेलो: रिवाज पाळला जात होता!

तिसऱ्या दिवशी मार्थाबाईंनी एक सदरा घेतला, त्याच्या बाह्या उसवल्या, पुढून उभा फाडला आणि तिच्यासमोर धरला. तिने तो भिरकावला असता तर दोष तिचा नव्हता. आणि तिच्या माणसांनी येऊन जाब विचारला असता, तर उत्तर मला उर्दूत लिहावे लागले असते.

यल्लव्वाने कापड चाचपले. "चोळी हाय?"

"न्हाई. काढा पोटात घ्येतीस ना? ह्यो अंगावर घ्यायचा. दिवसातून तीन टाइम."

म्हातारीने तो पांघरला, गुडघ्यापर्यंत ओढून घेतला, आणि मान माझ्याकडे वळवली. "दोन दिस कावून दिलं न्हाईस, मुन्शी? थंडी काय जात इचारून येती?"

* * *

इथवर वही माझी होती. मग तपासणीचे साहेब न कळवता आले. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर. ऊन कितीही असो, शेरवानीची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली.

"माशाअल्लाह! एकदम साइंटिफिक!"

शाळेच्या जागेसाठी मला शिफारस देण्याचे त्यांनी तिथेच कबूल केले. आणि जाता जाता हुकूम दिला: वॉर्ड या वहीप्रमाणे चालावा. महिन्याभराने ते परत येतील आणि वही हातात घेऊन एकेका खाटेपाशी उभे राहतील. वहीत एक आणि खाटेवर दुसरे दिसले, की फुली. फुल्या जास्त झाल्या, की वॉर्ड बंद.

वहीत चुका आहेत, हे सांगायला मी तोंड उघडले. शिफारस आठवली. तोंड मिटले. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचे बरेचसे त्यातून झाले.

टांगा दिसेनासा झाल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, "एमेसाहेब, दावं तर तुमी झकास वळलंत. आता आमच्या गळ्यात बांधा."

* * *

त्याच आठवड्यात महानुभाव पंथाचे एक वृद्ध साधू दाखल झाले. काळी वस्त्रे, मांडीचे हाड मोडलेले. मी आता शहाणा झालो होतो. वहीला न विचारता माणसालाच विचारायचे!

"बाबा, काय खाणार?"

"काही नको."

सकाळी विचारले, संध्याकाळी विचारले. दोन दिवस तेच उत्तर. पाणी तेवढे घेत. करीमसाहेबांचा चेहरा उतरला. वॉर्डात माणूस उपासमारीने गेला, तर तपासणीची वाट पाहण्याचेही कारण उरणार नव्हते.

मार्थाबाई मला म्हणाल्या, "इचारल्यावर मागंल त्यो भिक्षू कसला? त्यास्नी ताट नगं, एमेसाहेब. दार पायजे."

याचा अर्थ मला कळला तो खाटेचे एक टोक माझ्या हातात आल्यावर. दुसरे टोक विठोबाकडे. साधूंच्या हातात झोळी, आणि समोर उरलेल्या खाटा म्हणजे घरे! पाय हलता कामा नये, म्हणून आम्ही श्वास रोखून चाललो होतो. यल्लव्वाने आपल्या भाकरीचा चतकोर झोळीत घातला. साधूंनी डोळे मिटून घेतले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे नाटक आहे."

आम्ही खाट तशीच पुढे नेली आणि चाऊसच्या खाटेला भिडवली. चाऊस कण्या खात होता. त्याने झोळी पाहिली, वाटीवर आडवा हात धरला आणि दुसरा हात झटकला.

"आगे जाव बाबा! आज कुछ नहीं है!"

खाट माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. साधूंनी डोळे उघडले. दोन दिवसांत प्रथमच ते हसले.

"हे घर खरे आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी झोळीतला चतकोर मोडला.

* * *

तपासणीला तीन आठवडे उरले असताना धनकी याडी आली. लमाणांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या माणसांनी तिला घोंगडीच्या झोळीतून आणले आणि ती माणसे उन्हे उतरायच्या आत परत गेली. डावा दंड टरारून सुजलेला. त्यावर कोपरापासून खांद्यापर्यंत हाडाचा चुडा: नऊ पिवळट बांगड्या. गळू नेमके चुड्याखाली.

करीमसाहेब पाहून बाहेर आले. "चूड़ा काटना पड़ेगा, मुन्शीजी. नहीं तो हाथ जाएगा. शायद जान भी."

लमाण बाईचा चुडा उतरतो तो नवरा मेल्यावर. तिचा नवरा भोजा गुरे घेऊन गोदाकाठी चराईला गेलेला. दोन महिन्यांत निरोप नाही. तो आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यामुळेच तिचा चुडा एवढेच त्याच्या असण्याचे प्रमाण उरले होते.

"हात कापा," याडी म्हणाली. "चुडा न्हाई." तिने आवाज चढवला नव्हता. करीमसाहेब करवत घेऊन दोनदा दारापर्यंत आले आणि दोनदा परत फिरले.

मार्थाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "कापायचा न्हाई, आन् काढून ठिवायचा बी न्हाई. दुसऱ्या हातात ऱ्हाऊ दे. तुजा हात बरा झाला की परत तुज्या हातात."

"कुनाच्या हातात?"

"माज्या."

याडीने मार्थाबाईंची उघडी मनगटे पाहिली. नर्सला बांगड्या घालता येत नाहीत, असे विठोबा उगाचच पुटपुटला. याडीने विठोबाकडे पाहिले, परत त्या मनगटांकडे पाहिले. मग तिने अटी सांगितल्या. "हातावरून हातावर. मदी जमीन न्हाई, खाट न्हाई, पुरुषाचं बोट न्हाई."

"कबूल."

विठोबाने माझ्याकडे पाहिले आणि मी जमिनीकडे. वहीत लमाणांच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: "चुडा सौभाग्यवतीच्याच हाती असावा, विधवेच्या हाताला लागल्यास नवऱ्याच्या जिवाला धोका." मार्थाबाईंनी ती ओळ वाचली होती. मी त्यांना बाहेर बोलावले.

"बाई, तुम्ही..."

"मी कोन ते मला म्हाईत हाय."

"पण तिला माहीत नाही. ही फसवणूक आहे."

"मग जावा, सांगा तिला," मार्थाबाई म्हणाल्या. "करवत डॉक्टरसायबाच्या हातातच हाय."

मी गेलो नाही.

सकाळभर तिचा हात उशीवर उंच धरला, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. मग पट्टी घट्ट गुंडाळून यल्लव्वाने वरून करडईचे तेल सोडले. मार्थाबाईंनी आपली बोटे याडीच्या बोटांना जुळवली. पहिली बांगडी कोपरावर अडली. याडीने ओठ एवढा चावला की रक्त आले. मग ती सरकली आणि मनगटावरून थेट मार्थाबाईंच्या हातावर गेली. दुसरी. तिसरी. आठवी तेलाने निसटली! मार्थाबाईंनी हात पुढे खुपसला आणि ती हवेतच मनगटावर झेलली. पलीकडून चाऊस ओरडला, "शाबास, छोकरी!"

नववी उतरली तेव्हा मला कळले, की मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली आहे. करीमसाहेबांनी गळू फोडले. चौथ्या दिवशी ताप उतरला. हात वाचला.

निरोप मात्र आला नाही. मार्थाबाई बाह्या वर करून, दंडावर नऊ बांगड्या घेऊन वॉर्डभर वावरत होत्या. याडीची नजर दिवसभर त्या हातामागे फिरे. दारात कोणी अनोळखी माणूस उभा राहिला, की मी त्याला आधी बाहेरच गाठी. भोजाच्या मरणाची बातमी आली असती, तर ती कोणाच्या हातामुळे आली, हे माझ्या वहीने आधीच लिहून ठेवले होते.

* * *

साहेब ठरल्या दिवशी आले. वही हातात.

चाऊसच्या वाटीत कण्या. फुली. "खजूर क्यों नहीं खाते?"

"आप के दाँत दे दो," चाऊस म्हणाला, "खाता हूँ."

यल्लव्वाच्या अंगावर सदरा. फुली. साधूंची खाट जागेवर नाही, दाराजवळ. फुली. करीमसाहेब रुमालाने मान पुसत होते. साहेब धनकी याडीपाशी थांबले. पट्टी बांधलेला, चुडा नसलेला दंड पाहिला, वहीवर बोट आडवे नेले.

"किताब के हिसाब से यह बेवा है. रजिस्टर में शादीशुदा लिखा है." मग त्यांची नजर मार्थाबाईंच्या दंडावर गेली. "और ड्यूटी पर नर्स ने ज़ेवर पहन रखा है! मुन्शीजी, यह क्या तमाशा है? झूठ कौन बोल रहा है, वॉर्ड या किताब?"

खरे सांगावे तर ते याडीच्या कानावर जाणार. खोटे सांगावे तर मार्थाबाई जाणार. मला शिफारस आठवली. पण या वेळी तोंड आधी उघडले.

"किताब, साहब."

"कौन सी सतर?"

"सगळ्याच ओळी, साहेब," मी म्हणालो. घाबरल्यामुळे मराठीत.

तेवढ्यात दारात काठी वाजली. धुळीने पांढरा झालेला एक म्हातारा लमाण उंबऱ्यावर उभा होता. त्याने खोलीभर नजर फिरवली. ती बायकोवर आली, तिच्या उघड्या दंडावर आली आणि तिथेच थांबली. काठी गळून पडली. तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"म्या कवा मेलो?"

कोणी हसले नाही. मार्थाबाईंनी हात वर केला. नऊ बांगड्या खळकन वाजल्या. "न्हाई मेला, बाबा. हितं जित्ते हायसा."

धनकी याडी ताडकन उठून बसली. "मेला असतास तर येळेवर निरोप तरी आला असता!"

साहेबांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. चौथी फुली अर्धीच राहिली होती. "ज़ेवर मत लिखिए, मुन्शीजी," ते म्हणाले. "लिखिए: अमानत." मराठीत, विश्वासाने सोपवलेली ठेव.

आणि जाताना विठोबाला: "तीसरी खाट की सुतली ढीली है. बदलवाओ." बंद करायच्या वॉर्डाची सुतली कोणी बदलायला सांगत नाही. शिफारशीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. वही मात्र ते खाटेवरच ठेवून गेले.

* * *

चार दिवसांनी पट्टी सुटली. भोजा बाहेर बैल जुंपत होता. आम्हा पुरुषांना याडीने दाराशी उभे राहू दिले. बोट लावायचे नाही, पाहायला हरकत नाही.

बोटांना बोटे जुळली. बांगड्या परत निघाल्या. एक, दोन, तीन. हात आता सुजलेला नव्हता. त्या सरसर जात होत्या. आठ झाल्या. नववी मार्थाबाईंच्या मनगटावर आली आणि त्यांनीच ती मुठीत धरली.

"याडी, एक सांगायचं ऱ्हायलं. तवाच सांगाया पायजे हुतं. मला नवरा न्हाई. मरून बारा वर्सं झाली."

बाहेर भोजा बैलाला काहीतरी ओरडून सांगत होता.

याडीने आपल्या दंडावरच्या आठ बांगड्या बोटाने एकेक मोजल्या. मग मार्थाबाईंची मूठ उघडली, नववी बांगडी धरली, आणि ती आपल्या हातावर न घेता मार्थाबाईंच्याच हातावर मागे सारली. मनगटावरून वर, कोपरावरून वर, पार दंडापर्यंत.

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि ओढणी सावरत दाराबाहेर गेली.